नीलक्रांतीचा गाळ कोणाच्या दारी?

जिंतूर तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत किनारपट्टीवरील कोळंबी संवर्धनाचा विषय निघाला, तेव्हा एका तरुण साथीने सरळ विचारले, "परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. खाडी नाही, खाजण नाही, कोळीवाडा नाही. मग नागपट्टणमच्या आणि चिल्काच्या लोकांची कहाणी आपण येथे कशासाठी ऐकायची? आपल्याकडे कापसाचा भाव आहे, सोयाबीनचा विमा आहे, तेवढे पुरे नाही का?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशी त्याला धड उत्तर कोणीच दिले नाही. मीही दिले नाही. बैठक चहावर संपली. परंतु प्रश्न मनात राहिला, आणि त्याचे उत्तर देणे हे या टिपणाचे प्रयोजन आहे.

समुद्र नाही हे खरेच. परंतु काठ आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा जिंतूर तालुक्यात येलदरी येथे अडवली गेली, ते धरण १९६८ साली पुरे झाले. सेलूजवळ दुधनेवर निम्न दुधना प्रकल्प उभा राहिला. करपरा आणि मासोळी ही मध्यम धरणे झाली. गोदावरीच्या पात्रात ढालेगाव, मुद्गल, डिग्रस येथे उच्च पातळीचे बंधारे बांधले गेले. या प्रत्येक पाण्याच्या काठाला भोई, कहार आणि अन्य मच्छीमार कुटुंबे आहेत. धरणात जमिनी गेलेले आणि पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या बुडीत क्षेत्रात गाळपेर करून हरभरा, टरबूज काढणारे धरणग्रस्त आहेत. आणि काठापासून कित्येक कोसांवर, परभणी शहरात, नळाची तोटी उघडून येलदरीचे पाणी पिणारे लोक आहेत. समुद्रकिनाऱ्यावरील माणसाचे पाण्याशी जे नाते असते, तेच या माणसांचे आहे. फरक इतकाच की समुद्राचे पाणी कोणी पीत नाही. येथील पाणी आपण पितो.

आता या पाण्यावर एक नवी नजर पडलेली आहे. केंद्र सरकारने २०१५-१६ पासून 'नीलक्रांती'चा घोष सुरू केला आणि २०२० साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आणून तिच्यासाठी २०,०५० कोटी रुपयांचा आकडा जाहीर केला. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. मत्स्यसंपदा योजनेतील एक महत्त्वाची बाब म्हणजे जलाशयातील पिंजरा पद्धतीचे मत्स्यसंवर्धन. पाण्यावर तरंगणारा सांगाडा, त्याला खाली सोडलेली जाळ्याची पेटी, साधारण सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, चार मीटर खोल. तिच्यात पंगस किंवा सुधारित तिलापियाची बोटुकली दाटीने सोडायची, कारखान्यातील गोळी-खाद्य दिवसातून अनेकदा टाकायचे, आणि आठ-दहा महिन्यांत माल बाहेर काढायचा. ही योजना देशातील जलाशयांसाठी खुली आहे. तेव्हा पिंजरे येलदरीत येतील की नाही, यावर अंदाज बांधत बसण्यापेक्षा, ते येण्यापूर्वी आपण काय मागितले पाहिजे याचा विचार करणे अधिक शहाणपणाचे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर विरोधक आमच्यावर विकासविरोधाचा शिक्का मारायला टपलेलेच आहेत. माझा मत्स्यशेतीला विरोध नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटात, शहापूर-धेरंडच्या बाजूला, घरोघरी शेततळ्यांत जिताडा पाळला जातो. भाताच्या खाचरालगतचे ते तळे कुटुंबाचे असते, त्यातील पाणी कुटुंबाच्याच शेतात असते, आणि ते घाण झाले तर नुकसानही त्याच कुटुंबाचे होते. गोव्यातील खाजण जमिनींत आणि केरळमधील पोक्कळी भाताच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या भात आणि कोळंबी आळीपाळीने घेतली गेली. ज्याचे तळे त्याचीच घाण, हा तेथील हिशेब आहे. आक्षेप आहे तो या हिशेबाची फारकत करणाऱ्या पद्धतीला: नफा एकाच्या खिशात, आणि गाळ, दुर्गंधी, मेलेले मासे आणि खारावलेली विहीर दुसऱ्याच्या दारात.

ही फारकत कशी होते, हे पूर्व किनाऱ्याने १९९० च्या दशकात भोगले. १९९१ नंतर परकीय चलनाची तहान लागलेल्या सरकारला वाघ्या कोळंबीत डॉलर दिसू लागले. आंध्रातील नेल्लोरपासून तमिळनाडूतील नागपट्टणमपर्यंत भाताची जमीन विकत घेऊन, खंडाने घेऊन, आणि जेथे ते साधले नाही तेथे शेजाऱ्याचे शेत खारे होऊ देऊन, कंपन्यांनी तळी खोदली. समुद्राचे पाणी पंपाने आत घेतले. ते जमिनीत मुरले आणि आजूबाजूच्या पिण्याच्या विहिरी खाऱ्या झाल्या. उरलेले खाद्य, विष्ठा, औषधे आणि मेलेली कोळंबी यांसह तळ्यातील पाणी खाडीत परत सोडले गेले. त्या खाडीत जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराला काठापर्यंत जायची वाटही कुंपणाने बंद झाली. भाताच्या शेतात लावणीला, बेणणीला, कापणीला मजूर लागत असत. कोळंबीच्या तळ्याला पहारेकरी लागतो. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूरोग पसरला आणि तळीच्या तळी रिकामी झाली, तेव्हा अनेक मालक ती तशीच टाकून निघून गेले. मीठ मुरलेली जमीन मात्र कोठेच जाऊ शकत नव्हती, आणि तिच्यावर राबणारा भूमिहीनही.

या लुटीविरुद्ध उभे राहिले ते सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन. ज्या तंजावर भागात १९६८ साली किळवेनमणी येथे ४४ दलित शेतमजूर, स्त्रिया आणि मुले जाळून मारली गेली, त्याच भागात त्यांनी आणि कृष्णम्माळ यांनी भूमिहीनांना जमीन मिळवून देण्याचे काम आयुष्यभर केले. मिळालेली जमीन कोळंबीच्या खाऱ्या पाण्याखाली जाताना पाहून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग आणि न्या. सगीर अहमद यांनी निकाल दिला. त्या निकालाचा कणा म्हणजे आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा, म्हणजे 'नीरी'चा, अहवाल. 'नीरी'ने जमाखर्च मांडला. कोळंबीपासून मिळणारे उत्पन्न एका पारड्यात आणि शेती, पाणी, खारफुटी, मासेमारी यांचे नुकसान दुसऱ्या पारड्यात घातले, तेव्हा आंध्रात नुकसान उत्पन्नाच्या सुमारे चौपट आणि तमिळनाडूत सुमारे दीडपट भरले. निर्यातीचे आकडे छापणारी सरकारी पत्रके या दुसऱ्या पारड्याकडे कधी वळली नव्हती. न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातील कोळंबीची तळी ३१ मार्च १९९७ पूर्वी मोडून टाकण्याचा आदेश दिला, पारंपरिक पद्धतींना त्यातून वगळले, आणि प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी हे तत्त्व लागू केले. निकालातील एक कलम आपल्या कामगार कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे: बंद होणाऱ्या तळ्यांवरील कामगारांना कपातीची भरपाई आणि शिवाय सहा वर्षांचे वेतन द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. पर्यावरण राखायचे तर मजुराची भाकरी काढून घ्यावी लागते, हा मालकांचा लाडका युक्तिवाद तेथे निकालात निघाला होता.

मग काय झाले? ज्यांना निकाल नको होता त्यांनी निकालाशी भांडण्याऐवजी कायदाच बदलून घेतला. अंमलबजावणी रखडत राहिली, आणि २००५ साली संसदेने किनारी जलकृषी प्राधिकरण कायदा करून किनारा नियमनाची १९९१ सालची बंदी या उद्योगाला जणू कधी लागूच नव्हती, अशी मागील तारखेपासूनची तजवीज केली. त्या कायद्यात नोंदणीविना तळे चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद तेवढी होती. २०२३ च्या दुरुस्तीने ती कैद गेली, दंड राहिला; आणि समुद्रातील पिंजरे, शेवाळशेती हेही त्या कायद्याच्या पोटात घेतले गेले. २०२४ साली १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यातही हाच हात फिरला, बहुतेक गुन्ह्यांची कैद जाऊन दंड आला. 'व्यवसाय-सुलभता' असे त्याचे नाव. शेतमजुराने सावकाराच्या शेतातून चार कणसे मोडली तर त्याला कोठडीची सुलभता अद्याप आहेच. ज्याला दंड परवडतो त्याच्यासाठी दंड म्हणजे खर्चाची एक बाब असते, खाद्य आणि वीजबिलाच्या खाली लिहायची.

चिल्का सरोवराची कथा याहून उग्र. तेथे टाटा उद्योगसमूहाच्या सहभागाचा कोळंबी प्रकल्प १९९० च्या दशकाच्या आरंभी मच्छीमारांच्या आंदोलनाने मागे फिरवला. पण बडी कंपनी गेली म्हणून लूट गेली नाही. स्थानिक धनदांडग्यांनी बांबू आणि जाळ्यांचे घेर टाकून सरोवराचे तुकडे केले. ते घेर मोडायला निघालेल्या मच्छीमारांवर २९ मे १९९९ रोजी सोरणा गावी पोलिसांनी गोळीबार केला. चार जीव गेले.

तरुण साथी म्हणेल, हे सारे खाऱ्या पाण्याचे झाले. म्हणून गोड्या पाण्याचे, आणि आपल्याच गोदावरीचे, उदाहरण घेऊ. आमच्या जिल्ह्यातून वाहत गेलेली गोदावरी समुद्राला मिळण्यापूर्वी जो त्रिभुज प्रदेश करते, त्याच्या आणि कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशाच्या मध्ये कोल्लेरू नावाचे गोड्या पाण्याचे विशाल सरोवर आहे. सत्तरच्या दशकात आंध्र सरकारने तेथील गरीब मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना सरोवराच्या पात्रात मत्स्यतळी करण्यास जमीन दिली. हेतू चांगला होता, भाषा तर समाजवादाचीच होती. परंतु तळे खोदायला भांडवल लागते, मत्स्यबीजाला लागते, खाद्याला लागते. संस्थांकडे ते नव्हते. ज्यांच्याकडे होते ते खंडाचा करार खिशात घालून आले. पाहता पाहता तळी संस्थांच्या नावावर आणि कब्जा पैसेवाल्यांचा, अशी स्थिती झाली. ज्याच्या नावावर तळे होते तो त्याच तळ्यावर रोजंदारीने रखवाली करू लागला. बांधांनी सरोवराचे पाणी तुंबले, पुराचे पाणी गावांत शिरू लागले, तळ्यांचे मळके पाणी सरोवरात आले, आणि सरोवराच्या पोटात राहणाऱ्या गावांवर बाहेरून पिण्याचे पाणी आणण्याची वेळ आली. १९९९ साली सरोवर अभयारण्य म्हणून जाहीर झाले. २००६ साली, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या अधिकारप्राप्त समितीच्या आदेशानंतर, सरकारने तळ्यांचे बांध सुरुंगाने आणि यंत्राने फोडले. त्यानंतरही तळी पुन्हा उभी राहिली. या साऱ्यात खरा तोटा कोणाचा झाला हे विचारायला हवे: बांध फुटले तेव्हा खंडकरी भांडवलदार दुसऱ्या तालुक्यात गेला; नावापुरता मालक असलेला मच्छीमार ना तळे, ना सरोवर, अशा अवस्थेत उरला.

कोल्लेरूचे हे चित्र ओळखीचे वाटते का? मला वाटते. मराठवाड्यातील अनेक मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांचे दप्तर उघडले तर सभासदांच्या यादीत भोई-कहार आहेत, ठेका संस्थेच्या नावावर आहे, आणि बीज टाकणारा, माल उचलणारा, भाव ठरवणारा व्यापारी मात्र तिसराच आहे. उपठेका देता येत नाही असे नियम सांगतो. आणि व्यवहारात त्याला 'सहकार्य' म्हणतात. याला आपल्यातीलही काही लोकांचा हातभार लागलेला आहे. संस्थेची निवडणूक लढवायला आपण उत्साहाने जातो. निवडणुकीनंतर तिच्या वार्षिक सभेला किती जण बसतात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

आता या पार्श्वभूमीवर पिंजऱ्याच्या अनुदानाचे गणित पाहू. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत एका पिंजऱ्याचा खर्च तीन लाख रुपये धरला आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि महिला लाभार्थींना त्यावर ६० टक्के अनुदान, इतरांना ४० टक्के. भोई समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे. केंद्राच्या या योजनेच्या लेखी तो 'इतर' ठरतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणारा भोई आणि जालना-औरंगाबादच्या बाजारात पैसा फिरवणारा अडत्या, हे दोघे अनुदानाच्या रांगेत एकाच पायरीवर उभे. अठरा पिंजऱ्यांचा एक संच घेतला तर खर्च चोपन्न लाख. अनुदान वजा जाता बत्तीस लाख चाळीस हजार रुपये लाभार्थीने उभे करायचे, आणि बीज-खाद्याचा खर्च पुन्हा वेगळा. फेकजाळे आणि थर्माकोलचा तराफा एवढीच ज्याची मालमत्ता, त्याने हे कोठून आणायचे? तो आणणार नाही. तो सही करील. आणि दुसरा कोणी आणील. कोल्लेरूला हेच झाले.

राहिला प्रदूषणाचा प्रश्न. येथे आपल्या कार्यकर्त्यांनी थोडे गणित शिकले पाहिजे, कारण अधिकाऱ्यासमोर घोषणा चालत नाही. एक टन मासा वाढवायला ढोबळ मानाने दीड टन गोळी-खाद्य लागते. त्यात २८ टक्के प्रथिने धरली तर ४२० किलो झाली. तयार झालेल्या एक टन माशाच्या अंगात प्रथिने असतात सुमारे १७० किलो. उरलेली अडीचशे किलो कोठे गेली? ती विष्ठा, मूत्र आणि न खाल्लेल्या खाद्याच्या रूपाने पाण्यात गेली. त्यातून सुमारे ४० किलो नत्र पाण्याला मिळाले, आणि त्याच्या जोडीला स्फुरद. एका पिंजऱ्यात तीन टन मासा निघतो असे धरले तर शंभर पिंजऱ्यांचे तीनशे टन, आणि नत्र बारा टन. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला चार-साडेचार किलो नत्र जाते. तेव्हा शंभर पिंजरे म्हणजे अडीच-तीन हजार वस्तीच्या एका गावाचा मैला, वर्षभर, कोणत्याही शुद्धीकरणाविना, सरळ जलाशयात. अशा गावाचे गटार कोणी येलदरीत सोडायचे म्हटले तर परभणीकर रस्त्यावर येतील. गोळी-खाद्याच्या पोत्यातून तेच आले तर त्याला क्रांती म्हणायचे काय?

यावर तज्ज्ञांचे उत्तर ठरलेले आहे: एवढ्या मोठ्या जलाशयात हे सहज विरून जाते. भरलेल्या धरणात ते बरेचसे खरे आहे, आणि खरे ते मान्य केले पाहिजे. पण हे उत्तर देणाऱ्याने मराठवाड्याचा उन्हाळा पाहिलेला नसतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या वर्षी आणि पुन्हा २०१९ साली मराठवाड्यातील मोठी धरणे मृतसाठ्यावर आली. पाणी ओसरते तेव्हा पिंजरे कोठे सरकतात? खोल पाण्याकडे, म्हणजे धरणाच्या भिंतीकडे. आणि पिण्याचे पाणी उचलणारी यंत्रणा कोठे असते? तेथेच, खोल पाण्याजवळ. वर्षभराचा गाळ तळाशी, वर आटलेले कोमट पाणी, त्यात निळे-हिरवे शेवाळ, आणि पहाटे पाण्यातील प्राणवायू संपून तडफडणारे मासे. प्रथम मरतो पिंजऱ्यातला मासा, त्याला निदान विमा असू शकतो. मग मरतो जलाशयातला मोकळा मासा, भोयाच्या जाळ्यातला, त्याला विमा नाही. त्याच पाण्यात तुरटी आणि क्लोरीन टाकून ते शहराला दिले जाते. शेवाळाचा वास तुरटीने जात नाही, आणि सेंद्रिय घाणीशी क्लोरीनचा संयोग होऊन जी द्रव्ये तयार होतात ती शरीराला अपायकारक असतात. धरण भरलेले असताना हिशेब मांडायचा आणि धरण आटल्यावर हात वर करायचे, ही आपल्याकडील नियोजनाची जुनी रीत आहे. कालव्यांच्या बाबतीत आपण ती भोगली आहे.

औषधांविषयीही बोलले पाहिजे. दाटीने वाढवलेल्या माशाला रोग लवकर जडतो आणि रोगावर प्रतिजैविके दिली जातात. २००२-०३ च्या सुमारास युरोपातील बंदरांवर भारतीय कोळंबीत निर्बंधित प्रतिजैविकांचे अंश सापडले आणि माल नाकारला गेला. तेव्हा निर्यातदारांची एकच धावपळ उडाली, नियम आले, प्रयोगशाळा आल्या. परदेशी गिऱ्हाईकाच्या ताटाची अशी काळजी घेतली जाते. जिंतूरच्या आठवडी बाजारात मासा घेणाऱ्या हमालाच्या ताटासाठी कोणती प्रयोगशाळा आहे?

आणि परकी जाती. तिलापिया भारतात १९५२ साली आला. सात वर्षांत, १९५९ साली, सरकारी समितीला त्याच्या प्रसारावर बंदी घालावी लागली. बंदी कागदावर राहिली, मासा पाण्यात. उजनीच्या काठावर त्याला 'चिलापी' हे मराठी नावसुद्धा मिळाले. आफ्रिकी मागुराची, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, कथा त्याहून वाईट. २००० साली बंदी घातलेला हा मांसभक्षक मासा कत्तलखान्याच्या आणि कोंबड्यांच्या टाकाऊ अवशेषांवर चोरून वाढवला जात राहिला. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाला पुन्हा आदेश द्यावा लागला. जाळ्याची पेटी फाटायला एक पूर पुरतो. वरून खडकपूर्णेचे पाणी सुटले की येलदरीत काय लोंढा येतो, ते काठावरच्या माणसाला विचारा. पेटीतून सुटलेला परका मासा मग मरळ, वाम, शिंगाडा या आपल्या जातींच्या जागेवर वाढतो, आणि ज्याने पेटी टाकली त्याच्यावर या नुकसानीची जबाबदारी कोणताच कागद टाकत नाही.

कागदाचाच मुद्दा पुढे नेतो. किनाऱ्यावर निदान प्राधिकरण तरी आहे, वाईट का होईना. तेथे अंतराच्या अटी आहेत, नोंदणी आहे, भांडायला एक कार्यालय आहे. २००५ चा तो कायदा किनारी जलकृषीपुरता आहे. परभणीच्या गोड्या पाण्याला तो लागू नाही. आपल्याकडे महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० चा, म्हणजे जाळे आणि सुरुंग यांपलीकडे ज्याची कल्पना पोहोचत नव्हती त्या काळचा. मासा मत्स्यव्यवसाय खात्याचा, पाणी पाटबंधाऱ्याचे, नळ नगरपालिकेचा, घाण प्रदूषण मंडळाची, आणि मेलेला मासा कोणाचाच नाही. या चार कार्यालयांच्या मधल्या मोकळ्या जागेतच भांडवल आपली पथारी पसरते. मग मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा मिळाला म्हणून आनंद कोणी मानायचा? वीज आणि कर्ज यांच्या सवलती ज्याच्याकडे पंप आणि तारण आहे त्याला प्रथम पोहोचतील. कृषीचा दर्जा देताना काठावरील मच्छीमाराला कुळासारखा हक्क देण्याची गोष्ट कोणी काढली नाही. कसेल त्याची जमीन, ही घोषणा आपण दिली. जाळे टाकील त्याचे पाणी, ही घोषणा अजून दिलेली नाही.

जायकवाडीच्या नाथसागरावर तरंगता सौरप्रकल्प आखला गेला तेव्हा कहार समाजाच्या संघटनेने हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालय या दोन्ही ठिकाणी दाद मागितली. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. सौरऊर्जा हवी की नको हा येथे वादाचा विषय नाही. ध्यानात घ्यायचे ते हे की जलाशयाचा पृष्ठभाग ही आता वाटपाची वस्तू झाली आहे, आणि वाटपाच्या टेबलाभोवती मच्छीमाराची खुर्ची नाही.

म्हणून जिंतूर, सेलू, पाथरी आणि पालम येथील साथींनी पावसाळ्यापूर्वी काही कामे हाती घ्यावीत अशी सूचना आहे. पहिले, जलाशयांवरील मत्स्य संस्थांच्या सभासद याद्या मिळवून प्रत्यक्ष जाळे टाकणारे किती आणि नावापुरते किती, याची घरोघर पडताळणी करावी. तेथे आपलाच माणूस नावापुरता सापडला तर त्याचे नाव प्रथम जाहीर करावे. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात मृतसाठ्याच्या वेळच्या पाण्यावर हिशेब मांडल्याखेरीज एकही पिंजरा नको, आणि उचल-विहिरीपासून किती अंतर हे लेखी ठरल्याखेरीज नको, असे ठराव काठावरील ग्रामसभांनी आणि परभणी महानगरपालिकेनेही करावेत. शहराला या लढ्यात ओढल्याखेरीज काठाचे बळ पुरणार नाही; पाण्याला वास आला की शहर जागे होते, पण तेव्हा उशीर झालेला असतो. पारंपरिक मच्छीमार भटक्या जमातीचा असला तरी त्याला ६० टक्के अनुदान मिळावे, फरक राज्याने भरावा, ही मागणी विधिमंडळात नेता येण्याजोगी आहे. आणि दरमहा पाण्याची तपासणी. आपल्या दारात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तेथील प्राध्यापक आणि विद्यार्थी यांना येलदरीच्या काठावर आणून पहाटेचा प्राणवायू मोजायला लावणे अशक्य नाही. आकडे आज, पिंजऱ्यांच्या आधीचे, हातात असले पाहिजेत. नागपट्टणमच्या लोकांजवळ 'नीरी'चे आकडे आले ते विहिरी खाऱ्या झाल्यानंतर.

त्या बैठकीतील तरुण साथीने पुढील बैठक येलदरीच्या काठावर, भोयांच्या वस्तीत घ्यावी. चहाचा खर्च माझ्याकडे. सभासदांची यादी त्याने आणावी.